आईबाबांचं कौन्सिलचं घर विकत घ्यायचं का? अर्ज भरण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट भावंडांनी मनाशी पक्की करावी. ब्रिटनमध्ये कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक सरकारी संस्थेचं, भाड्याचं घर सूट घेऊन विकत घ्यायचा हक्क भाडेकरूचा, म्हणजे आईबाबांचा आहे, आपला नाही. १९८० च्या हाउसिंग अ‍ॅक्टने दिलेला हा 'राइट टू बाय' आता फक्त इंग्लंडात उरलाय. स्कॉटलंडमध्ये तो २०१६ मध्ये बंद झाला, वेल्समध्ये २०१९ मध्ये. त्यामुळे पहिली तयारी कागदांची नाही, बोलण्याची. आणि दोघांशी वेगवेगळं बोला. आमच्याकडे बाबा लगेच म्हणाले, "आयुष्यभर भाडं भरलं, आता स्वतःच्या घरात राहू दे." आई काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "बॉयलर बंद पडला तर मग फोन कुणाला करायचा?"

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. आज बॉयलर, छप्पर, खिडक्या, भिंतीतली ओल हे सगळं कौन्सिल बघतं. घर नावावर झालं की प्लंबर आपण शोधायचा आणि पैसेही आपणच द्यायचे. आईबाबांना भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट मिळत असेल तर ते थांबेल. मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, हप्ता त्यातून भरता येत नाही. व्याजापुरती सरकारी मदत काहींना मिळते, पण तीही कर्ज म्हणूनच.

मग कागद काढा. भाडेकरार कुणाच्या नावावर आहे, एकट्या बाबांच्या की दोघांच्या? सुरू कधी झाला? सध्या सरकारी घरातली मिळून ३ वर्षं पुरतात. ही अट १० वर्षांवर न्यायचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलंय, तेव्हा अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते बघा. भाड्याची थकबाकी असेल तर आधी फेडा. आणि बाबांनी स्वतःच्या पैशाने न्हाणीघराला टाइल्स बसवल्या असतील, स्वयंपाकघर नवं केलं असेल, तर त्या पावत्या जपून ठेवा. घराची किंमत ठरवताना भाडेकरूने केलेल्या सुधारणा मोजायच्या नसतात.

आता हिशेब, आणि इथे नीट थांबा. "फ्लॅटवर ७० टक्के सूट मिळते," असं अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी सांगतंच. कागदावर ते खरं आहे, पण सवलतीच्या रकमेला मर्यादा असते. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ती लंडनच्या बहुतेक भागांत फक्त १६,००० पौंड आहे. त्याआधी लंडनमध्ये १,३६,४०० होती. लेस्टरकडे आता २४,०००, बर्मिंगहॅमकडे २६,०००. म्हणजे लंडनमधला साडेतीन लाखांचा फ्लॅट पंचवीस वर्षं राहिलेल्या माणसालाही ३,३४,००० ला पडणार.

त्यात आपल्या लोकांना हमखास न सुचणारी एक गोष्ट आहे: पुण्यातला फ्लॅट. स्टॅम्प ड्युटीत घराच्या किमतीवर ५ टक्के जास्तीचा कर लावताना जगात कुठेही असलेलं घर धरतात. बाबांच्या नावावर कोथरूडला घर असेल, किंवा वडिलोपार्जित वाड्यातला आईचा हिस्सा ४०,००० पौंडांच्या वर जात असेल, तर हा कर लागू शकतो. ३,३४,००० वर ५ टक्के म्हणजे १६,७०० पौंड. सगळी सूट गेली, वर ७०० खिशातून! म्हणून गावाकडच्या मालमत्तेची यादी सॉलिसिटरला (खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला) पहिल्याच भेटीत द्या. वारशाने नुकत्याच आलेल्या लहान हिश्शाला सवलत असते. तेही तेव्हाच विचारा.

फ्लॅट असेल तर मिळतं ते लीज, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता हक्क. कौन्सिलच्या ऑफरमध्ये पुढच्या ५ वर्षांच्या सर्व्हिस चार्जचा (इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीचा) आणि मोठ्या दुरुस्त्यांचा अंदाज असतो. ते पान किमतीच्या पानाआधी वाचा. त्याच इमारतीत ज्यांनी आधीच घर घेतलंय त्यांच्या दारावर टकटक करून गेल्या काही वर्षांची बिलं मागा. लिफ्ट किंवा छप्पर बदललं की काय होतं, ते तिथेच कळेल.

पैसे कोण देणार? वय सत्तरीकडे झुकलं की बँका मॉर्गेजला नाखूश असतात, म्हणून बोजा मुलांवर येतो. पण अर्जात नाव घालता येतं ते त्याच घरात राहणाऱ्यांचं, साधारणपणे १२ महिने सोबत राहिलेल्यांचं. वेगळ्या घरात राहणाऱ्या मुलीने पैसे घातले तर ती भेट की हिस्सा, हे सॉलिसिटरकडून लिहून घ्या आणि आईबाबांचं मृत्युपत्रही त्याच वेळी करा. दादा रागावेल म्हणून हे टाळू नका. ५ वर्षांच्या आत विकलं तर सूट परत करावी लागते: पहिल्या वर्षी पूर्ण, मग ८०, ६०, ४०, २० टक्के. १० वर्षांपर्यंत विकताना आधी कौन्सिलला विचारावं लागतं.

बोलायला जड जाणारा विषय केअर होमचा, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासाचा. तिथला खर्च कुणी द्यायचा हे ठरवताना आपली मालमत्ता बघतात; दोघांपैकी एकजण घरात राहतोय तोवर घर त्यात मोजत नाहीत. पण एकटं उरलेलं माणूस कायमचं केअर होममध्ये गेलं, तर बहुतेक वेळा घराची किंमत धरली जाते आणि २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असली की खर्च स्वतःचा. भाड्याच्या घराबाबत हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं झाल्यावरही दोघांचा होकार असेल तर अर्ज द्या. कौन्सिलने ४ आठवड्यांत हो-नाही कळवायचं असतं, काही वेळा ८. त्यानंतर ऑफर यायला घराला ८ आणि फ्लॅटला १२ आठवडे. ऑफर आल्यावर आपल्या हातात १२ आठवडे असतात, किंमत पटली नाही तर सरकारी मूल्यांकनही मागता येतं. ऑफरचं पाकीट आलं त्या दिवशीची तारीख कॅलेंडरवर आईच्याच हाताने लिहून घ्या, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, रोज दिसेल असं.