निर्गुडीतलं जंतुरोधक द्रव्य वेगळं काढायचंय? आधी कोरी डिस्क ठेवा

पंचगंगेच्या काठानं, शेताच्या कुंपणात निर्गुडी वाटेल तेवढी मिळते. तिच्यापासूनच सुरुवात करा. राधानगरीच्या अभयारण्यात शिरू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं पानही तोडता येत नाही. फुलोऱ्यासकट फांदी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख पक्की करा. आणि आमच्याकडच्या आषाढात पानं गोळा करायच्या भानगडीत पडू नका. ती वाळत नाहीत, बुरसतात.

सावलीत वाळवा, दळा, ५० ग्रॅम भुकटी ५०० मिली मिथेनॉलमध्ये दोन दिवस भिजवा, गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली विद्रावक उडवणारं यंत्र) ४० अंशांला आटवा. मग हेक्झेननं मेण आणि बराचसा हिरवा रंग काढा, उरलेल्यातून इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग वेगळा करा. जवळ बर्नर नको.

खरी गोची पुढं, चाचणीत. अर्कात भिजवलेली कागदाची चकती, म्हणजे डिस्क, जंतू पेरलेल्या अगरच्या प्लेटवर ठेवायची; तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, तो झोन. माझ्या पहिल्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस जंतूंच्या थरात १४ मिलिमीटरचा झोन आला. सगळ्या लॅबला मिसळ खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी सरांनी एकच विचारलं, "नुसत्या मिथेनॉलची डिस्क कुठाय?" ठेवली, तर तिच्याभोवतीही झोन! डिस्क पुरती वाळायच्या आतच मी अगरवर टेकवत होतो; जंतू मारत होतं ते मिथेनॉल. नीट वाळवून पुन्हा लावली, तर ६ मिलिमीटरच्या डिस्कभोवती जेमतेम ८ चा झोन. म्हणून प्रत्येक प्लेटवर तीन डिस्क हव्यातच: अर्काची, नुसत्या विद्रावकाची (हीच कोरी डिस्क) आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची. कोरी डिस्क नसलेली प्लेट मी बघतही नाही.

'झोन मोठा म्हणजे द्रव्य जोरदार' हेही डोक्यातून काढा. तेलकट रेणू अगरमध्ये पसरतच नाहीत, त्यामुळं चांगलं द्रव्यही लहान झोन देतं. जोर मोजायचा तर ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत न्या आणि शेवटी रेझाझुरिन हा निळा रंग घाला: गुलाबी झालं तर जंतू जिवंत, निळं राहिलं तर वाढ थांबली. गढूळपणावर जाऊ नका, हिरवा अर्क तिथं हमखास फसवतो.

मग सिलिकाचा कॉलम, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करणारी सिलिका भरलेली नळी. प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, निकामी तो बाजूला. कामाचा भाग टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी, तिच्यावर घटक वेगवेगळे ठिपके होऊन दिसतात) चढवा, वरून जंतू मिसळलेलं अगर ओता, रात्रभर उबवून एमटीटी हे रंगद्रव्य फवारा. जिवंत जंतू जांभळे होतात; ज्या ठिपक्यावर जांभळा रंग धरत नाही, तो आपला. तो खरवडून काढा. तीन वेगवेगळ्या विद्रावक-मिश्रणांत तो एकच ठिपका राहिला, तरच नमुना एनएमआरला (रेणूची रचना ओळखायची चाचणी) पाठवा. दोन झाले, तर परत कॉलमवर.