वर्णनात्मक नोंदी : सत्रअखेरची घाई कशी थांबली

तिसरीचा वर्ग, पट ४०. प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल शब्दांत लिहायच्या या नोंदी सत्र संपताना बसून लिहिल्या की सगळ्यांच्या सारख्याच यायच्या: ‘अभ्यासात प्रगती आहे’. कारण एकच, तोवर पाहिलेलं आठवत नाही.

आता दोनशे पानी वही. प्रत्येक मुलाला दोन पानं, पहिल्या पानांवर हजेरी क्रमांकाची अनुक्रमणिका. रोज पाचच मुलं ठरवून पाहायची. आठ शालेय दिवसांत वर्ग पूर्ण होतो. नोंद त्याच दिवशी शाळेच्या सुट्टीआधीच, तारखेसह, एका ओळीत.

नोंदीत गुण नको, मुलाने नेमकं काय केलं ते हवं. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, तर ‘वजाबाकी कच्ची’ लिहून काहीच कळत नाही. ‘दशक सुटा करत नाही, ७ मधून २ वजा करतो’ असं लिहिलं की उपाय समोर दिसतो: दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा. पुढच्या फेरीत तसंच उदाहरण देऊन त्याच ओळीखाली फरक लिहायचा.

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. ‘ती पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला वाचन समजलेलं असतं, अडतं ते फक्त लिंग. आकलन आणि भाषिक चूक या दोन ओळी वेगळ्याच ठेवा. एकत्र केल्या की मुलावर अन्याय होतो.

तिसरीला आकारिक (सत्रभर चालणारं मूल्यमापन) ६० गुण, संकलित (सत्रअखेरची परीक्षा) ४०. त्या साठांचा आधार ही वहीच, म्हणून श्रेणी भरताना ती शेजारी उघडी हवी.