मराठी मजकुरात हायफन: शब्द कुठे तोडायचा, कसा तोडायचा

दोन रकान्यांची स्मरणिका जस्टिफाय केली, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, की 'महानगरपालिकेच्या' किंवा 'कर्मचाऱ्यांसाठी' असा एखादा शब्द ओळीत मावत नाही, खाली उतरतो आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडे पडतात. अशा वेळी बहुतेक जण सरळ कीबोर्डवरचा हायफन मारतात. पुढे फॉन्ट एका पॉइंटने बदलला की ओळी सरकतात आणि 'महानगर-पालिकेच्या' भर ओळीत उभे राहते.

त्याऐवजी कंट्रोल आणि हायफन एकत्र दाबा. वर्ड आणि लिबरऑफिस रायटर, दोन्हींत यातून ऐच्छिक हायफन पडतो. शब्द ओळीच्या टोकाला तुटला तरच हा हायफन छापला जातो. '2024-25' तुटू नये असे वाटत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-हायफन.

तोडायचे ते सांध्यावर: महानगर-पालिकेच्या, कर्मचाऱ्यां-साठी. जोडाक्षराच्या पोटात कधीच नाही. 'शाळे-ला' हेही टाळा. पुढच्या ओळीवर एकटा 'ला' केविलवाणा दिसतो.

हे काम आपोआप व्हावे असे वाटत असेल तर रायटरमध्ये फॉरमॅट, पॅराग्राफ, टेक्स्ट फ्लो इथे हायफनेशनची खूण करा. मात्र मजकुराची भाषा मराठी लावलेली हवी आणि मराठीचा हायफनेशन शब्दकोश बसवलेला हवा. यांपैकी एक जरी नसेल तर खूण करूनही शब्द हलत नाही. तिथेच ओळीच्या शेवटी आणि सुरुवातीला किमान किती अक्षरे ठेवायची ते विचारतात. मूळ आकडा 2 असतो, तो 4 करा. कारण 'ला' आपल्याला एक अक्षर, संगणकाला ल आणि काना अशी दोन. लागोपाठच्या हायफनांची मर्यादा 2 ठेवा, नाहीतर उजव्या कडेला शिडी तयार होते.

वर्डमध्ये हेच लेआउट टॅबखालच्या हायफनेशनमध्ये आहे. मराठी शब्द तिथे आपोआप तुटत नसतील तर हाताने तोडा.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मजकुराला मात्र स्वयंचलित हायफनेशन बंदच ठेवा. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. तो इंग्रजीच्या नियमाने कुठेही तोडतो आणि हायफनच्या जागी भलतेच चिन्ह उमटू शकते.

हायफन नेहमी शेवटी, मुद्रितशोधन संपल्यावर घाला. हाच मजकूर पुढे संकेतस्थळावर द्यायचा असेल तर आधी ते काढून टाका, नाहीतर शोधात शब्द सापडेलच असे नाही. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये शोधायच्या चौकटीत ^- लिहा, बदलायची चौकट रिकामी सोडा आणि 'रिप्लेस ऑल' दाबा.