फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी टायर : हिवाळी की ऑल-सीझन?

कॅनडातला पहिला हिवाळा तोंडावर आला की पुष्कळ मराठी कुटुंबे फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतात आणि बर्फाचा प्रश्न मिटला असे मानतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की साचलेल्या बर्फातून गाडी बाहेर काढणे आणि चढ चढणे सोपे होते; पण ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे सिग्नलपाशी थांबताना ही गाडी शेजारच्या साध्या गाडीपेक्षा सरस ठरत नाही. उलट, सुटताना चाके घसरत नसल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला उशिरा कळते. म्हणून अशा गाडीसाठी टायर निवडताना थांबण्याचा आणि वळण्याचा विचार आधी करावा.

तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड कमी होते. सर्वसाधारण ऑल-सीझन टायर थोडी अधिक थंडी सोसतो, पण कडाक्याच्या थंडीत तोही कमी पडतो. हिवाळी टायरचे रबर शून्याच्या बरेच खालीही मऊ राहते, आणि रस्त्याला टेकणाऱ्या त्याच्या रबरी ठोकळ्यांवरच्या असंख्य बारीक चिरांमुळे बर्फावर धरण्यासाठी जास्त कडा मिळतात. खोल खाचांमध्ये हिम दाबून बसते, ते तसेच हवे असते, कारण हिमाला हिम चांगले धरते.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूवरची चिन्हे स्वतः पाहावीत. नुसते ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) हे अक्षरचिन्ह खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच लावते. त्यासाठी बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह मात्र दाबलेल्या हिमावर ठरावीक पकड सिद्ध केल्यावरच मिळते. तरीही ती चाचणी गुळगुळीत, गोठलेल्या बर्फावर ब्रेक दाबण्याची नसते, त्यामुळे हे चिन्ह असलेला ‘ऑल-वेदर’ टायर खऱ्या हिवाळी टायरची बरोबरी करतोच असे नाही. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर ही नावे ऐकायला सारखी असली तरी कॅनडात ते दोन वेगळे प्रकार आहेत. युरोपात ऑल-सीझन म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरवर बहुधा हे डोंगराचे चिन्ह असते, म्हणून जर्मनीतल्या नातेवाइकांचा सल्ला टोरंटोत जसाच्या तसा लागू करू नये.

कायदाही पाहावा लागतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदणी झालेल्या प्रवासी गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि त्यांवर डोंगराचे चिन्ह किंवा खिळे असावे लागतात. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगराळ मार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो. तिथे ‘एम अँड एस’ टायर चालतो, मात्र खाचांची खोली किमान ३.५ मिलिमीटर हवी. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर बसवणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत द्यावी असा नियम २०१६ पासून आहे.

माझे मत विचाराल तर टोरंटो किंवा व्हँकूव्हर शहरातच फिरणाऱ्या आणि हिमवर्षावाच्या दिवशी गाडी घरी ठेवू शकणाऱ्या माणसाला चांगले ऑल-वेदर टायर पुरतात. रोज महामार्गाने जाणाऱ्याने, आणि मॉन्ट्रियल, विनिपेग किंवा एडमंटनला राहणाऱ्या प्रत्येकाने, हिवाळी टायरच घ्यावेत. दोन संच आलटून पालटून वापरल्याने प्रत्येकाची झीज निम्म्यावर येते, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा वाढत नाही.

या गाड्यांच्या बाबतीत एक पथ्य कडक आहे: चारही टायर एकाच जातीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढचे आणि मागचे टायर कमी-जास्त घेराचे असतील तर चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्याचा ताण ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेवर सतत पडतो. तिची दुरुस्ती चार टायरांपेक्षा महाग पडू शकते. म्हणून पैसे वाचवण्यासाठी दोनच हिवाळी टायर बसवू नयेत.

माप गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. उदाहरणार्थ ‘२२५/६५ आर १७ १०२ एच’ यातील १०२ म्हणजे प्रत्येक टायरची ८५० किलो भार पेलण्याची क्षमता. हा आकडा कमी चालत नाही, कमाल वेग सांगणारे अक्षर (इथे एच) मात्र हिवाळी टायरमध्ये एखादी पायरी खाली असले तरी सहसा चालते, फक्त त्या मर्यादेतच गाडी चालवावी. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. जुने टायर घेताना खाचा ४ मिलिमीटरपेक्षा कमी असतील तर हिमासाठी ते नाकारावेत.

जमल्यास हिवाळी संचासाठी वेगळ्या रिम आणि हवेच्या दाबाचे सेन्सर घ्यावेत, म्हणजे दरवर्षी टायर रिमवरून उतरवावे लागत नाहीत. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, म्हणून तो दर महिन्याला गाडी थंड असताना तपासावा. टायर बदलल्यावर साधारण १०० किलोमीटर गाडी चालली की चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्यावेत.