व्हीएफओ सरकतोय? सगळेच कंडेन्सर एनपीओ करू नका

जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सीव्हरवर (हॅम रेडिओच्या सेटवर) 20 मीटरचा बँड लावला, की समोरच्याचा आवाज बघता बघता बदकासारखा होतो आणि दर दोन मिनिटांनी डायल फिरवावी लागते. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: व्हीएफओतले (डायलने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरमधले) सगळे कंडेन्सर काढा, एनपीओ (तापमानाने जवळपास न बदलणारे) टाका. माझ्या टेबलावर हे चालत नाही.

कारण साधं आहे. गरम झाली की कॉइल किंचित फुगते, इंडक्टन्स वाढतो, फ्रीक्वेन्सी खाली येते. हे ठाऊक असल्यामुळे जुन्या डिझायनरने मुद्दाम एखादा एन750 जातीचा कंडेन्सर टाकलेला असतो. तापमान एक अंश वाढलं की त्याचा कपॅसिटन्स दहा लाखांत 750 भाग इतका कमी होतो आणि कॉइलची वाढ भरून काढतो. एनपीओ मात्र जागचा हलत नाही (फार तर 30 भाग इकडेतिकडे). एन750 काढून तिथे एनपीओ लावला तर ड्रिफ्ट, म्हणजे फ्रीक्वेन्सीचं सरकणं, उलट वाढेल. ओळख सोपी आहे: एनपीओचं टोक काळं, एन750 चं जांभळं.

कव्हर उघडण्याआधी मोजा. फ्रीक्वेन्सी काउंटर बफरच्या (व्हीएफओनंतरच्या स्टेजच्या) आउटपुटला लावा, टँकला (कॉइल-कंडेन्सरच्या जोडीला) नको. तिथे लावलात तर केबलच फ्रीक्वेन्सी ओढेल. सेट थंड असताना चालू करा, व्हीएफओच्या डब्यावर थर्मामीटर चिकटवा आणि दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. पहिली वीस मिनिटं सोडून द्या, तोवर व्हॉल्व्ह तापत असतो. पुढे एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर कारण तापमान. मध्येच टुणकन उडी मारत असेल तर खराब मायका कंडेन्सर, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका) किंवा गँगचा (डायलने फिरणाऱ्या कंडेन्सरचा) मळलेला कॉन्टॅक्ट. ओए2 सारख्या रेग्युलेटर व्हॉल्व्हवर 150 व्होल्ट स्थिर आहेत ना, हेही बघून घ्या. ते डोलत असतील तर कंडेन्सर बिचारे निर्दोष आहेत.

दोषी शोधायला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक एकेका कंडेन्सरजवळ न्या, टेकवू नका, आणि काउंटर बघा. मग रिकाम्या रिफिलमधून फुंकर मारून तो गार करा. ज्याच्यावर आकडा पळतो, तो तुमचा माणूस. हे चालू सेटवर करायचं असल्याने एक हात खिशात. पॉवर स्टेजला सातआठशे व्होल्ट असू शकतात. सोल्डरिंगआधी प्लग काढा, फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा.

आता हिशेब. हल्लीच आलेला सेट 9 मेगाहर्ट्झ आयएफचा (आतल्या ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीचा), व्हीएफओ 5 ते 5.5 मेगाहर्ट्झ. डबा 28 वरून 38 अंशांवर गेला तोवर 5000 किलोहर्ट्झची फ्रीक्वेन्सी 3 किलोहर्ट्झ खाली. म्हणजे दहा लाखांत 600, अंशाला 60. फ्रीक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळावर चालते, म्हणून कंडेन्सरमध्ये दुप्पट दुरुस्ती हवी: अंशाला 120. टँकमध्ये एकूण 250 पीएफ (पिकोफॅरड). 120 गुणिले 250, भागिले 750: बरोबर 40 पीएफ. सर्किट डायग्राम काढून बघितला, तर त्या जागी एन750 छापलेला. आधीच्या कुणीतरी 'सुधारणा' म्हणून काळ्या टोकाचा बसवला होता. 39 पीएफचा एन750 लावला आणि सेट शांत झाला.

फ्रीक्वेन्सी तापल्यावर वर जात असेल, तर एन750 चा वाटा कमी करून तेवढाच एनपीओ घाला. एकूण बेरीज बदलू देऊ नका.

दुकानात 'एनपीओच आहे हो' म्हणून जे हातात ठेवतात, ते तपासल्याशिवाय लावू नका. कपॅसिटन्स मीटरला जोडा, आयर्न जवळ धरा. 100 पीएफचा खरा एनपीओ जेमतेम हलतो. साध्या सिरॅमिक डिस्क कंडेन्सरचा आकडा सरळ घसरत जातो. 100 हवे असतील तर 33 चे तीन समांतर जोडा. आरएफ करंट वाटला जातो आणि ते स्वतः कमी तापतात. जुना पॉलिस्टायरिन कंडेन्सर परत बसवत असाल तर त्याचा पाय चिमट्याने धरूनच सोल्डर करा, तो उष्णतेने वितळतो. पाय आखूड, पार्ट घट्ट, फ्लक्स पुसलेला.

सोल्डर केल्या केल्या मोजू नका. रात्रभर ठेवा, एकदोनदा तापवून गार होऊ द्या, मग तीच नोंद पुन्हा घ्या. समाधान झालं की शेवटी ट्रिमरने (बारीक जुळवणीच्या छोट्या कंडेन्सरने) डायलचे आकडे जुळवा, तेही डब्याचं झाकण लावून, त्याच्या भोकातून.