मारुती 800 चं इंजिन घरी उतरवताय? आधी अर्थची वायर शोधा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पोर्चमध्ये भावाबरोबर आमच्या कार्बोरेटरवाल्या 800 चं इंजिन उतरवलं आणि एक वायर विसरलो. आता मित्राच्या गाडीचं करायचंय म्हणून लिहून ठेवतोय.

पाने-गोट्यांचं सांगत नाही. बॅटरी काढा, आधी निगेटिव्ह. आणि तेव्हाच गिअरबॉक्सवरून बॉडीला गेलेली अर्थची वायर शोधून तिला लाल टेप लावा. ग्रीस-मातीने ती काळी झालेली असते, वरून दिसतच नाही, टॉर्च मारून बोटाने चाचपा.

सायलेन्सरच्या नटांवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-40 मारा. पेट्रोलचा पाइप काढला की तोंडाला बोल्ट घालून क्लिप आवळा, जवळ एलईडीच वापरा, पिवळा बल्ब फुटला तर भडका उडेल. कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच काढा, गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. गिअरबॉक्सचं ऑइल आधी सोडा, नाहीतर एक्सल (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे) ओढल्यावर सगळं अंगावर. एसी असेल तर गॅस मेकॅनिककडून काढून घ्या, स्वतः पाइप सोडू नका. प्रत्येक होजचा फोटो, प्रत्येक वायरला टेप. अर्थच्या वायरलासुद्धा.

चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) 1 टनी, तीन पायांच्या स्टँडसकट भाड्याने आणा. पंख्याच्या हुकाला अजिबात नाही! 796 सीसी म्हणजे खेळणं नाही, गिअरबॉक्ससकट लटकलं की दोघांना आवरत नाही. खाली शिरायचं तर गाडी घोड्यांवर (गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड), नुसत्या जॅकवर कधीच नाही, मागच्या चाकांना दगड.

आमचं इंजिन चार बोटं वर आलं आणि एका बाजूने तिरकं झालं, मला वाटलं माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा जोड) अडकलंय, भाऊ चेन ओढत राहिला, तेवढ्यात त्या वायरचं टोक तुटलं आणि अख्खं इंजिन झोका खाऊन फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आदळलं. क्षणभर आधी माझा हात तिथे होता. म्हणून पहिली चेन ओढायच्या आधी परत खाली बघा, अर्थची वायर सुटलीये का. इंजिन तिरकं झालं की थांबायचंच, ओढायचं नाही.

पुढचं पटापट. क्लच, ॲक्सिलरेटर, स्पीडोमीटर केबल, गिअरची लिंक, मग चाकाजवळचे बॉल जॉइंट सोडून एक्सल. बॉल जॉइंट परत बसवून गाडी चाकांवर, माउंटिंग शेवटी. उचललं की दगड काढून गाडी मागे ढकला, इंजिनखाली कोणी नाही. जुन्या टायरवर ठेवा. लाल टेपवाली वायर बोल्टसकट गिअरबॉक्सलाच बांधून ठेवा.