सकाळी मतलई, दुपारी खारे: समुद्राकाठच्या रानातून दिवसभराची निवांत सायकल

समुद्राकाठी सायकल चालवायची म्हटलं की बहुतेक जण किनाऱ्यावरूनच निघतात. सकाळी आत शेतांकडे चक्कर, संध्याकाळी परत लाटांपाशी. ऐकायला छान वाटतं, पण परतताना मांड्या बोलायला लागतात. दिवस खरंच निवांत हवा असेल तर उलटं करा. किनाऱ्यापासून पंधरा-अठरा किलोमीटर आत असलेल्या गावातून निघा, सकाळी समुद्राकडे जा, दुपार काठच्या रानात काढा आणि उन्हं कलली की शेतांमधून परत या.

हे सगळं वाऱ्यासाठी. शाळेत खारे आणि मतलई वारे घोकले होते ना, ते इथे कामाला येतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा जास्त निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हा मतलई वारा मंद असतो, पण पाठीवर असला की बरा वाटतो. ऊन चढलं की जमीन पाण्याच्या आधी तापते आणि साधारण दहा-अकराच्या पुढे वारा तोंड फिरवतो. दुपारी दोन-तीनला खाऱ्या वाऱ्याला चांगला जोर असतो आणि तो हळूहळू बराच आतपर्यंत पोचतो. आतून निघणाऱ्याला जाताना मतलई आणि येताना खारा, असे दोन्ही वारे पाठीशी मिळतात. किनाऱ्यावरून निघणारा दोन्ही वेळा वारा छातीवर घेतो.

फरक किती पडतो? हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून तेवढाच वारा आहे, तर अंगावर ताशी ३० चा वारा येतो. रेटा दुप्पट नाही, चौपट. तोच वारा मागून असेल तर हवेचा अडथळा जवळजवळ उरतच नाही. ढगाळ दिवशी किंवा मोठी हवामान प्रणाली जवळ असताना मात्र हे गणित चालत नाही. अंदाजातले वाऱ्याचे बाण आदल्या रात्री बघा. दिवसभर एकाच दिशेचा वारा दाखवत असतील तर आधी वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर तो मदतीला येईल.

अंतर एकूण ४५ किलोमीटरच्या आसपास धरा: जायला १८, रानातून किनाऱ्याला समांतर ९, यायला १८. आरामात चालवलं तर सायकलीवरचे साडेतीन तास होतात, आणि दिवस आठ तासांचा. उरलेले साडेचार तास हाच खरा कार्यक्रम. माझ्या भाच्याला हे पटत नाही. हँडलवर घड्याळ लावून तो सरासरी मोजत बसतो आणि वाटेतलं अर्धं रान त्याला दिसतच नाही. त्याचं त्याला लखलाभ.

नकाशात दोन गोष्टी बघायच्या. एक, चढ. समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो ही नुसती समजूत आहे. डोंगराच्या सोंडा जिथे थेट पाण्यात उतरतात तिथे रस्ता दर खाडीला खाली येतो आणि पुन्हा वर चढतो. समोच्च रेषा दाट दिसल्या की तो तुकडा टाळा. दोन, भरती. वाटेत खाडीवरचा बुटका पूल किंवा ओहोटीतच उघडी पडणारी वाट असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय घर सोडू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आजची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. गेल्या रविवारची वेळ या रविवारी धरून चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर येतं. आणि पाणी सारख्या गतीने चढत नाही: ओहोटी आणि भरती यांमधल्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ अर्धं पाणी भरतं. ‘अजून बराच वेळ आहे’ म्हणणारे तिथेच अडकतात.

सायकल कुठलीही चालेल, फक्त टायर फार बारीक नको. दीड इंच किंवा त्याहून रुंद बरा. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, एवढी सीटची उंची ठेवा. सोबत जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पाने आणि पंप घ्या. पंप विसरलात तर पुढचं सगळं फुकट.

आता रान. किनाऱ्याची झाडी बऱ्याच ठिकाणी जुन्या वाळूच्या टेकड्यांवर उभी असते. समुद्राच्या बाजूची झाडं बुटकी, आत झुकलेली, शेंडे कात्रीने तिरके कापल्यासारखे. खारे तुषार त्या बाजूचे कोंब जाळतात, म्हणून झाड आडोशाच्या बाजूलाच वाढतं. पायवाट निवडताना टेकडीच्या माथ्यावरची टाळा, दोन टेकड्यांमधल्या घळीतली घ्या. तिथे भूजल जवळ असल्याने वाळू ओलसर आणि घट्ट असते. माथ्यावरची वाळू भुसभुशीत, चाक गिळणारी.

वाळूत शिरण्याआधी दोन्ही टायरांतली हवा साधारण पाव हिश्शाने कमी करा. टायर पसरतो आणि रुतत नाही. गिअर आधीच हलका करा, कारण आत शिरल्यावर बदलायला गेलात तर वेग मरतो. वजन थोडं मागे, हातांची पकड सैल, पाय न थांबवता एकसारखे. पुढचं चाक इकडेतिकडे भटकेल, त्याला भटकू द्या. हँडल घट्ट धरून सरळ करायला गेलात की पडलात. पुढचा ब्रेक तर विसराच. अडकलात तर उतरून ढकला, त्यात कमीपणा काही नाही. सुरूच्या किंवा पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर दिसतो मऊ, पण वळणावर घसरवतो, आणि त्याखाली मुळं लपलेली असतात. कमी हवेने मुळांवर जोरात गेलात तर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून मुळांचा पट्टा आला की वेग अगदी कमी, आणि रान संपून डांबर लागलं की लगेच हवा भरून घ्या.

खुल्या पुळणीवर, ओल्या घट्ट वाळूत, सायकल घालायचा मोह होतो. मी घालत नाही. खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की महिन्याभरात चाक कुरकुरायला लागतं, आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत काही पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची असल्याने चाकाखाली जाईपर्यंत दिसत नाहीत. सायकल झाडाला लावा आणि चालत जा.

रानात सावली असली तरी हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. तासाला अर्धा लिटर तरी प्या, तहान लागायची वाट बघू नका.

परतीला तीनच्या सुमारास निघा. शेतातलं फाटक बंद होतं तर बंद करा, उघडं होतं तर उघडंच राहू द्या. गुरांचा कळप दिसला की उतरून चाला. किनारा पश्चिमेला असेल तर परतताना सूर्य तुमच्या पाठीशी आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या डोळ्यांत असतो, त्यांना तुम्ही दिसला आहात असं गृहीत धरू नका. किनारा पूर्वेला असेल तर सूर्य जाता-येता तुमच्याच डोळ्यांत, म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी हवी.

घरी पोचल्यावर अंघोळ आधी सायकलीची. गोड्या पाण्याने, हलक्या हाताने, पाइपचा जोराचा फवारा न मारता. त्या फवाऱ्याने मीठ आणि वाळू थेट बेअरिंगमध्ये घुसतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतलेले वाळूचे कण टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. मग कोरडं पुसा, चेनच्या कडीकडीवर एकेक थेंब तेल टाका, पॅडल उलटं फिरवा आणि वरचं जादा तेल फडक्याने टिपून घ्या.